दिवाणखान्यातले खेळ आणि कागदाची मागची बाजू

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतील, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातील इंग्लंडने बालपणाचा शोध लावला, हे विधान शिक्षणाच्या आणि बालसाहित्याच्या इतिहासांत इतक्या वेळा आले आहे की ते तपासून पाहण्याची गरज आता फारशी कोणाला वाटत नाही. विधान निराधार आहे असे नव्हे. खाणींतील आणि कारखान्यांतील बालमजुरीला कायद्याने आळा बसू लागला तो याच काळात, १८७० च्या कायद्याने प्राथमिक शाळांचे जाळे विणायला घेतले गेले ते याच काळात, आणि मुलांना उपदेश पाजण्याऐवजी हसवणारी पुस्तके छापली जाऊ लागली तीही याच काळात. मात्र एखाद्या गोष्टीचा शोध लागणे आणि तिला मोकळे सोडणे या निराळ्या गोष्टी आहेत. किंबहुना जिचा शोध लागतो तिची मोजणी, वर्गवारी आणि राखण शोधानंतरच सुरू होते. व्हिक्टोरियन मध्यमवर्गाने मुलांसाठी जे जाणीवपूर्वक योजले त्यात मुलाच्या स्वतःच्या मर्जीला वाव बेताचाच होता, आणि जो खरा वाव त्याला मिळाला तो बहुधा मोठ्यांचे लक्ष दुसरीकडे असताना मिळाला, असे म्हणायला बराच पुरावा आहे. दिवाणखान्यातले खेळ आणि मुलांनी काढलेली चित्रे शेजारी ठेवून पाहिली की तो पुरावा अधिक स्पष्ट होतो.

या दोहोंचा पुरावा म्हणून असलेला दर्जा सारखा नाही, हे आधीच लक्षात घेतले पाहिजे. खेळ संपला की मागे काही उरत नाही. उरतात ते नियम, आणि नियम लिहिणारे सगळे मोठे असतात. विल्यम क्लार्क याचे १८२८ सालचे ‘बॉइज ओन बुक’, कॅसेल या प्रकाशनसंस्थेने काढलेली घरगुती करमणुकीची जाडजूड पुस्तके, १८७९ मध्ये सुरू झालेले ‘बॉइज ओन पेपर’ आणि पाठोपाठ पुढच्या वर्षी निघालेले मुलींसाठीचे साप्ताहिक, या सर्वांत मूल कसे खेळले याची नोंद नसून त्याने कसे खेळावे याची सूचना असते. शेवटची दोन साप्ताहिके तर धर्मप्रसारासाठी पत्रके छापणाऱ्या संस्थेनेच चालवलेली होती. चित्राचे नेमके उलट आहे. त्यावर मुलाचा स्वतःचा हात फिरलेला असतो, आणि मोठ्यांनी कितीही शिकवले तरी घोड्याला पाचवा पाय फुटायचा तो फुटतोच. त्यामुळे खेळांच्या पुस्तकांवरून त्या काळाचा हेतू कळतो आणि चित्रांवरून त्या हेतूला मुलांनी काय उत्तर दिले ते कळते.

दिवाणखाना म्हणजे इंग्लंडमधील मध्यमवर्गीय घरातील ती खोली, जिथे शेकोटी, पियानो, चांगल्या खुर्च्या आणि आलेगेले यांची मांडणी असे. मुलांचा वावर तिथे सहसा नसे. ज्यांना परवडत असे त्या घरांत मुले वरच्या मजल्यावरील स्वतंत्र खोलीत दाईच्या किंवा गव्हर्नेसच्या, म्हणजे घरीच राहून शिकवणाऱ्या बाईच्या, ताब्यात असत आणि संध्याकाळच्या ठरलेल्या वेळी त्यांना हातपाय धुऊन, चांगले कपडे घालून खाली आणले जाई. म्हणजे दिवाणखान्यातला खेळ हा मुळातच परक्या मुलखातला खेळ होता. तिथली जमीन, वेळ आणि प्रेक्षक ही तिन्ही मोठ्यांची होती. नाताळच्या दिवसांत हे बंधन सैल होई खरे, परंतु सैल होई ते कोणासाठी, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

चार्ल्स डिकन्स याच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या १८४३ सालच्या कथेतील, नायकाच्या भाच्याच्या घरची मेजवानी हे या खेळांचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन. तिथे आंधळी कोशिंबीर होते, दंडाचे खेळ होतात, आणि केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्याच उत्तरांवरून मनातली वस्तू ओळखण्याचा खेळही होतो. पण डोळे बांधलेला टॉपर हा अविवाहित गृहस्थ घरातील एका विशिष्ट तरुणीच्याच मागे पडद्याआड आणि खुर्च्यांवरून धडपडत जातो, आणि पट्टीखालून त्याला दिसत असावे अशी शंका निवेदक मोठ्या खुशीने व्यक्त करतो. नाताळात अधूनमधून मूल होणे चांगले, अशा आशयाचा शेराही डिकन्सने तिथे मारला आहे, आणि तो मोठ्यांना उद्देशून आहे. शब्दाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा अभिनयाने दाखवण्याचा ‘शॅरेड’ हा खेळ, ज्याचा वारस आज महाविद्यालयीन सहलींत ‘दमशेराज’ म्हणून वावरतो, शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’मध्ये येतो तेव्हा त्यात रॉचेस्टर आणि ब्लँच इंग्रॅम लग्नाचा देखावा उभा करतात आणि खऱ्या लग्नाची चाचपणी करून घेतात, घरातली लहान मुलगी आदेल त्यात फुले उधळण्यापुरतीच येते आणि तिची गव्हर्नेस केवळ बघत बसते. थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये याच खेळात बेकी शार्प नवऱ्याचा खून करणाऱ्या क्लिटेम्नेस्ट्राची भूमिका करते आणि कथानकाच्या पुढच्या भागावर तिची सावली पडते. एरवी अनोळखी पुरुषाच्या हाताला हात लावणे जिथे अशोभनीय, तिथे खेळाच्या नावाखाली स्पर्शाला, चुंबनाला, आरडाओरड्याला आणि सोंगाला परवानगी मिळे. बालपण ही मोठ्यांनी सुटीच्या दिवशी पांघरायची शाल होती, असे या खेळांबद्दल म्हणता येईल, आणि ती ज्यांची होती त्यांना अनेकदा कोपऱ्यात बसून ती मोठ्यांच्या अंगावर पाहावी लागे.

मुले जेव्हा प्रत्यक्ष खेळात असत तेव्हा त्यांच्याकडून अपेक्षा असे ती संयमाची. ‘पाद्रीबाबांचे मांजर’ या खेळात वर्णमालेच्या क्रमाने एकेक विशेषण लावत त्या मांजराचे वर्णन पुढे न्यायचे, आणि जो अडखळेल त्याने दंड भरायचा. अनेक खेळांत न हसता ठरलेले वाक्य म्हणायचे असे, आणि हसणारा हरे. दंड म्हणजे आपल्या जवळची एखादी वस्तू, रुमाल, हातमोजा किंवा चाकू, जमा करणे. शेवटी एकाचे डोळे झाकून, कोणाची वस्तू आहे हे न सांगता, ती सोडवण्यासाठी काय करावे लागेल ते त्याच्याकडून वदवून घेतले जाई. सर्वांत बुद्धिमान व्यक्तीला वंदन कर, सर्वांत सुंदर व्यक्तीपुढे गुडघे टेक आणि सर्वांत आवडत्या व्यक्तीचे चुंबन घे, ही त्यातली एक नेहमीची शिक्षा होती. गंमत म्हणून यात काही वावगे नाही. पण त्याच समाजातील शाळेत आणि चर्चमध्ये मुलाला जे करावे लागे, म्हणजे पाठ केलेले चारचौघांत न चुकता म्हणणे, तोंडावरची रेषा हलू न देणे, चुकल्यास सर्वांदेखत प्रायश्चित्त घेणे, तेच इथे मेणबत्तीच्या उजेडात हसतखेळत घडे, हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही. एक खेळ मात्र या शिस्तीत बसत नाही. ‘स्नॅपड्रॅगन’मध्ये दिवे मालवून, पसरट भांड्यात पेटवलेल्या ब्रँडीतून मनुके हाताने उचलून जळतेच तोंडात टाकायचे असत. मुलांची इतकी काळजी वाहणाऱ्या संस्कृतीला हा खेळ घातक वाटू नये, याचा अर्थ एवढाच की तिची काळजी बोटे भाजण्यापेक्षा वळण बिघडण्याची अधिक होती.

पटावरच्या खेळांत तर नीतीचा पाठ अगदी उघडा छापलेला असे. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये निघालेला आणि पुढे अमेरिकेतही गाजलेला ‘मॅन्शन ऑफ हॅपिनेस’, म्हणजे सुखाचा वाडा, हा वळणावळणाने मध्यभागी पोहोचणारा पट. सद्गुणाच्या घरात पडले की पुढे जायचे, दुर्गुणाच्या घरातून मागे यायचे, आणि रविवारचा पवित्र विसावा मोडणाऱ्याने फटक्यांच्या खांबाकडे परतायचे. फाशांना जुगाराचा वास म्हणून अशा पटांबरोबर फासे न देता कडांवर आकडे घातलेली छोटी भिंगरी दिली जाई. या घराण्यात भारतातून गेलेली सापशिडी शतकाच्या अखेरच्या दशकात सामील झाली, हा महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय भाग आहे. ज्ञानचौपड या नावाने उत्तरेत आणि मोक्षपट या नावाने मराठी मुलखात परिचित असलेला हा खेळ परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते. मूळ पटावर सापांची संख्या शिड्यांपेक्षा जास्त असे, कारण मोक्षाची वाट अवघड आणि घसरण्याच्या जागा पुष्कळ, हेच तर सांगायचे होते. इंग्रजी पटावर शिड्यांना अधिक बरोबरीचे स्थान मिळाले आणि मोक्षाच्या जागी काटकसर, उद्योग, आज्ञाधारकपणा यांचे व्यवहारी फळ आले. पुढे चित्रेही गळाली आणि उरला तो नुसता नशिबाचा खेळ. कर्माचा हिशेब सांगणारी वस्तू समुद्रापार गेल्यावर आधी शिस्तीची आणि नंतर वेळ घालवण्याची व्हावी, यात खेळ घेणाऱ्या समाजाचे चित्र देणाऱ्या समाजापेक्षा अधिक उमटले आहे. सोंगट्यांच्या पचिसीचेही असेच झाले. १८९६ साली इंग्लंडमध्ये ल्यूडो म्हणून तिचे पेटंट घेतले गेले तेव्हा डावपेच बराचसा वजा झाला होता.

या सगळ्या नियमबद्धतेवरची त्या काळातील सर्वांत तिखट टीका एका गणिताच्या अध्यापकाने केली, आणि ती टीका आहे हे ओळखायला वेळ लागला. चार्ल्स डॉजसन, म्हणजेच लुइस कॅरोल, हा स्वतः खेळ रचणारा माणूस होता; एका शब्दातील एकेक अक्षर बदलत दुसऱ्या शब्दापर्यंत पोहोचण्याचे ‘डब्लेट्स’ हे कोडे त्याने कंटाळलेल्या दोन मुलींसाठी रचले आणि १८७९ मध्ये एका साप्ताहिकातून लोकप्रिय केले. पण १८६५ सालच्या ‘अ‍ॅलिस’मध्ये खेळ आला की नियम वितळतात. क्रोकेच्या मैदानात चेंडू म्हणजे साळिंदरासारखे छोटे काटेरी प्राणी आणि टोले म्हणजे फ्लेमिंगो पक्षी. दोन्ही जिवंत असल्याने आपापल्या मर्जीने चालू पडतात, आणि राणी दर मिनिटाला कोणाचे तरी डोके उडवण्याचा हुकूम सोडते. प्राण्यांच्या शर्यतीला आरंभ नसतो, शेवट नसतो, सगळेच जिंकतात, आणि बक्षीस म्हणून अ‍ॅलिसला तिचेच अंगुस्तान समारंभपूर्वक परत दिले जाते. दिवाणखान्यात दंड म्हणून आपलीच वस्तू सोडवून घेणाऱ्या मुलाला या विनोदाची धार समजावून सांगावी लागली नसेल. हेच पुस्तक छापले जाण्यापूर्वी १८६४ मध्ये कॅरोलने स्वतःच्या हाताने लिहून आणि स्वतःच ३७ चित्रे काढून अ‍ॅलिस लिडेल या मुलीला भेट दिले होते. ती चित्रे शिकलेल्या हाताची नाहीत. मान फार लांब, हात फार आखूड, आणि खोलीत न मावणारी मुलगी चौकटीत खरोखरच कोंबून बसवलेली. जॉन टेनिएलच्या छापील चित्रांपुढे ती कच्ची आहेत, तरीही मुलाला अंगावर येणाऱ्या घराचा अनुभव त्यांतच जास्त सापडतो.

इथपर्यंत सांगितले ते ज्यांच्या घरात दिवाणखाना होता त्यांचे. लंडनच्या रस्त्यांवरील कष्टकऱ्यांच्या मुलाखती घेऊन हेन्री मेह्यू याने १८५१ च्या सुमारास जे लिखाण प्रसिद्ध केले, त्यात रस्त्यावर पालेभाजी विकणारी आठ वर्षांची एक मुलगी आहे. तिला खेळ पुष्कळ माहीत आहेत, पण विकत फिरून थकायला होत असल्याने ती ते खेळत नाही, असे ती सांगते, आणि पैशाच्या हिशेबात मात्र ती पक्की आहे. बागेत खेळायला नेण्याविषयी मेह्यूने तिच्याशी बोलून पाहिले तेव्हा प्रश्नकर्ताच मूल ठरावा अशी उत्तरे त्याला मिळाली. अशाच गल्ल्यांमधील दोरीच्या उड्या, फेर, पकडापकडी आणि त्यांबरोबरची गाणी अ‍ॅलिस गॉम या संशोधक बाईंनी १८९४ आणि १८९८ अशा दोन खंडांत गोळा केली, तेव्हा दिवाणखान्याबाहेर किती मोठा ऐवज होता हे विद्वानांच्या ध्यानात आले. मात्र त्यांना त्यात मुलांची चालू निर्मिती दिसण्याऐवजी प्राचीन विवाहविधींचे आणि बळींचे अवशेष दिसले. मुलाच्या हातातील वस्तू त्याची नसून कुठल्यातरी हरवलेल्या मोठ्या माणसांची आहे, असे मानण्याची ही खोड पुढे चित्रांच्या बाबतीतही आडवी येते.

चित्रकलेच्या शिक्षणाचा व्हिक्टोरियन कारखाना लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात होता. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनात फ्रेंच कापड आणि भांडी इंग्रजी मालापेक्षा देखणी ठरल्याची बोच लागून सरकारने हेन्री कोल या कर्तबगार अधिकाऱ्याच्या हाती कलाशिक्षणाचे खाते दिले, आणि त्याने संपूर्ण देशासाठी पायऱ्यापायऱ्यांचा अभ्यासक्रम आखला. सुरुवात सरळ रेषांनी, मग वक्र रेषा, मग छापील तक्त्यावरील वेलबुट्टीची नुसती बाह्यरेषा, तीही दोन्ही बाजू तंतोतंत जुळणारी. छायाप्रकाश पुढे, रंग त्याहून पुढे, आणि स्वतःच्या मनातले काही काढणे जवळजवळ कधीच नाही. उद्देश कारागीर घडवण्याचा होता आणि त्या मर्यादेत तो प्रामाणिक होता. परंतु परीक्षेच्या निकालावर अनुदान अवलंबून असल्याने शिक्षकाला कित्त्यापलीकडे पाहण्याची चैन परवडत नसे. डिकन्सने १८५४ च्या ‘हार्ड टाइम्स’मध्ये या पद्धतीची रेवडी उडवली आहे. भिंतीवर घोडे प्रत्यक्षात चालत नाहीत म्हणून भिंतीच्या कागदावर घोड्यांची चित्रे नकोत, आणि फुलांवर कोणी पाय देत नाही म्हणून गालिच्यावर फुले नकोत, असे सरकारी पाहुणा वर्गाला बजावतो. आपल्याला फुले आवडतात एवढेच कारण देणाऱ्या सिसी ज्यूप या सर्कशीतील मुलीला आवडीनिवडीचा विचार करायचाच नाही असे ऐकावे लागते. त्या पाहुण्यामागे कोल उभा आहे हे तेव्हाच्या वाचकांना उघड होते.

ही पद्धत मुंबईला आली, आणि तिचे आयुष्य तिथे मायदेशापेक्षा दीर्घ ठरले. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये उभ्या राहिलेल्या कलाशाळेत साउथ केन्सिंग्टनच्या तालमीत तयार झालेले शिक्षक आले; १८६५ मध्ये शिल्पकलेसाठी आलेला जॉन लॉकवुड किपलिंग हा त्यांपैकी सर्वपरिचित. मुक्तहस्त, वस्तुचित्र, भूमिती, संकल्पचित्र अशी विषयांची वाटणी आणि पायरीपायरीच्या परीक्षा ही त्या वळणाची देणगी, आणि महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांना बसलेल्या कोणालाही तिची ओळख आजही पटेल. आरशात पाहिल्यासारखी दुहेरी नक्षी काढताना पेन्सिलीने हलकी मध्यरेषा आखून घ्यायची, हा धडा कोणत्या देशातील कापड-उद्योगाच्या चिंतेतून जन्माला आला हे मात्र परीक्षार्थ्यांना सांगितले जात नाही.

कोलच्या विरोधात बोलणारे इंग्लंडमध्ये होते आणि ते लहानसहान नव्हते. जॉन रस्किन याने १८५७ च्या ‘एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ या पुस्तकाच्या आरंभीच स्पष्ट केले की हे पुस्तक बारा-चौदा वर्षांखालील मुलांसाठी नाही. त्या वयात मुलाला हाती येईल त्या कागदावर मनसोक्त रेघोट्या ओढू द्याव्यात आणि त्यात काळजी किंवा खरेपणा दिसला तर कौतुक करावे. हर्बर्ट स्पेन्सर याने शिक्षणावरील आपल्या निबंधांत, जे १८६१ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले, आणखी पुढची भूमिका घेतली: चित्र चांगले झाले की नाही हा प्रश्नच नसून काढताना मुलाच्या शक्ती वाढतात की नाही हा प्रश्न आहे, आणि मुलाला आधी रंग द्यावा, रेषा नंतर. दोघांचे म्हणणे मोलाचे आहे. त्याचा परिणाम मात्र फार काळ वर्गाच्या दाराबाहेरच राहिला, आणि रस्किनही लिडेलांच्या घरी मुलींना चित्रकला शिकवत असे तेव्हा शिक्षकच होता. ‘अ‍ॅलिस’मधील समुद्रातळाच्या शाळेत आठवड्यातून एकदा येणारा चित्रकलेचा म्हातारा वाम-मास्तर हे त्याचेच विडंबन समजले जाते.

मुलांच्या हाताला खरी मोकळीक सिद्धांतापेक्षा कागदाने दिली असावी. कागदावरील कर १८६१ मध्ये रद्द झाला, पुढे लाकडाच्या लगद्याचा कागद आला, आणि एका बाजूने कोरा असलेला कागद मध्यमवर्गीय घरात मुलांच्या हाती पडण्याइतका निरुपयोगी झाला. त्याआधीही लिहित्या माणसांच्या घरात तो असेच, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण केंट परगण्यातील डाउन हाउस या चार्ल्स डार्विनच्या घरातले आहे. ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ मध्ये छापून झाल्यावर डार्विनला त्याच्या हस्तलिखिताचे काही अप्रूप उरले नाही. पानांच्या मागच्या बाजू मुलांनी घेतल्या आणि त्यांवर फळे-भाज्यांच्या स्वारांची लढाई रंगवली. त्या महाग्रंथाच्या हस्तलिखिताची फार थोडी पाने आज उरली आहेत, आणि त्यांतली काही उरली ती मागच्या बाजूवर मुलांची चित्रे होती म्हणून, कारण घरच्यांना जपून ठेवावेसे वाटले ते पुस्तक नसून चित्र होते. उत्क्रांतीचा सिद्धांत भाजीच्या घोड्यावर बसून केंब्रिजच्या ग्रंथालयात पोहोचला, असे थट्टेने म्हणण्यास हरकत नाही. या चित्रांत कित्ता नाही, समरूपता नाही आणि कोणाला दाखवण्याचा आव नाही. आहे ती आखून-रंगवून मन लावून केलेली बेबंद कल्पना. डार्विन हा मुलांकडे निरखून पाहणारा बाप होता, पहिल्या मुलाच्या हालचालींच्या नोंदी त्याने १८७७ मध्ये प्रसिद्धही केल्या. पण या चित्रांचे त्याने शास्त्र केले नाही, आणि ते बरेच झाले.

याच्या उलट टोकाला एडमंड गॉसचे घर होते. त्याचे वडील फिलिप हेन्री गॉस हे समुद्री जीवांचे नामांकित अभ्यासक आणि कडव्या पंथाचे धर्मनिष्ठ गृहस्थ. घरात गोष्टीची पुस्तके वर्ज्य, कारण कल्पित म्हणजे असत्य. त्या मुलाला खेळायला सोबती नव्हते आणि खोटे काही रचायला परवानगी नव्हती. तेव्हा त्याने वडिलांच्या शास्त्रीय प्रबंधांची नक्कल करायला घेतली, आणि त्यात निसर्गात कुठेही नसलेले, ठिपक्यांचे आणि पट्ट्यांचे भडक रंगीत जीव शास्त्रीय वर्णनासह काढले. १९०७ च्या ‘फादर अँड सन’मध्ये तो सांगतो की वडील अस्वस्थ झाले, कारण मुलगा इतका गंभीर नसता तर तो आपली चेष्टा करत आहे असेच त्यांना वाटले असते. मनाई केलेली कल्पना मनाई करणाऱ्याच्याच लेखनप्रकारात घुसली, आणि ती तिथे ओळखू येऊनही पकडता येत नव्हती. खेळ आणि चित्र यांतील सीमा इथे पुसते: गॉसचे प्रबंध हा त्याचा एकट्याचा खेळ होता, आणि त्याचे नियम त्याने मोठ्यांकडून चोरले होते.

असे एकट्याचे खेळ त्या काळाच्या आठवणींत वारंवार भेटतात. मुंबईत जन्मलेला रडयार्ड किपलिंग १८७१ मध्ये वयाच्या सहाव्या वर्षाच्या आत इंग्लंडमधील परक्या आणि कठोर घरी ठेवला गेला. तिथल्या दमट तळघरात नारळाची करवंटी, पत्र्याची पेटी आणि खोक्याची एक फळी एवढ्या भांडवलावर तो रॉबिन्सन क्रूसोसारखा व्यापारी होई, आणि ती फळी आड धरली की बाहेरचे जग आत येत नसे, अशी आठवण त्याने आत्मचरित्रात नोंदवली आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८८४ मध्ये कागदी रंगभूमीवर लिहिले. ही पात्रांची आणि देखाव्यांची छापील पाने साधी एका पेनीला आणि रंगवलेली दोन पेन्सला मिळत. दोन पेन्सची पाने घेणाऱ्या मुलाचा त्याला तिटकारा, कारण सारा आनंद विकत घेण्यात आणि रंग भरण्यात होता. रंग भरून झाला की नाटक करून दाखवण्यात काही राम नसे. दिवाणखान्यातील खेळाचे सारे महत्त्व ज्या सादरीकरणात, ते त्याने असे एका फटक्यात मोडीत काढले. त्याच स्टीव्हन्सनने १८८१ च्या पावसाळी सुटीत आपल्या बारा-तेरा वर्षांच्या सावत्र मुलाच्या संगतीत एका बेटाचा नकाशा रंगवला, आणि त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ निघाली.

पुढे सशांच्या सचित्र गोष्टींसाठी प्रसिद्ध झालेल्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटर हिच्या बाबतीत दोन्ही प्रवाह एकाच मुलीच्या हातात दिसतात. आठ-नऊ वर्षांची असताना ती वहीत सुरवंटांची टिपणांसह चित्रे काढत होती, भावाबरोबर मेलेले प्राणी घरी आणून त्यांचे सांगाडे रेखाटत होती. आणि १८८१ मध्ये तिने साउथ केन्सिंग्टनचे मुक्तहस्त, भूमिती, यथादर्शन आणि वस्तुचित्र यांतील प्रमाणपत्रही मिळवले. यथादर्शन म्हणजे दूरची वस्तू लहान दिसते त्याप्रमाणे चित्रात खोली आणण्याचे शास्त्र. तिच्या पुढील सशांमध्ये प्रमाणपत्राचा वाटा किती आणि सुरवंटांचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. शाळेत पाठवले गेले नाही म्हणून आपले वेगळेपण झिजले नाही, असे स्वतः पॉटरचे मत होते. मुलींकडून चित्रकलेची अपेक्षा होती ती विवाहयोग्यतेचा एक दागिना म्हणून, आणि सांगाडे त्या दागिन्यात बसत नव्हते.

शतकाच्या शेवटच्या पंधरा वर्षांत मोठ्यांची नजर अखेर मुलांच्या चित्रांकडे वळली. इटलीच्या बोलोन्या शहरात पावसापासून आडोसा घेतलेल्या कोर्रादो रिच्ची याला ओवरीच्या भिंतीवर उंचीप्रमाणे वरखाली पसरलेली मुलांची चित्रे दिसली, आणि १८८७ मध्ये त्याने त्या विषयावर पुस्तक काढले. इंग्लंडमध्ये एबनेझर कुक याने १८८५-८६ मध्ये मुलाच्या स्वभावाला धरून चित्रकला शिकवावी असे मांडले, टी. आर. अ‍ॅब्लेट याने १८८८ मध्ये संस्था स्थापून मुलांच्या चित्रांची प्रदर्शने आणि परीक्षा सुरू केल्या. आणि जेम्स सली याने १८९५ च्या ‘स्टडीज ऑफ चाइल्डहुड’मध्ये मूल माणूस कसा काढते याची पद्धतशीर चिकित्सा केली: आधी गोल डोके आणि त्यालाच फुटलेले पाय, बेडूकमाशासारखा देह, मग धड, मग बाजूने काढलेल्या चेहऱ्यावरही दोन डोळे. हे निरीक्षण अचूक होते आणि मुलाची चूक ही चूक नसून पाहण्याची एक अवस्था आहे हे मान्य करणारे होते, त्यामुळे त्याची थोरवी नाकारता येत नाही. पण सलीने त्या चित्रांशेजारी ‘रानटी’ म्हणवल्या जाणाऱ्या जमातींची चित्रे ठेवली, आणि मूल म्हणजे मानवजातीच्या मागे पडलेल्या टप्प्याचा नमुना ठरले. गॉमबाईंच्या फेरगाण्यांसारखेच इथेही मुलाचे ते मुलाचे राहिले नाही.

पायऱ्या एकदा सापडल्या की त्यांचा कित्ता व्हायला वेळ लागत नाही. अमुक वयात धड यावे, तमुक वयात मान यावी, अशी अपेक्षा तयार झाली, आणि फ्लोरेन्स गुडइनफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२६ मध्ये ती गुणांत मोजण्याची चाचणी बसवली. मुलाला एक माणूस काढायला सांगायचे, आणि डोळ्यांना, मानेला, हात खांद्यापाशी जोडलेला असल्यास त्याला, एकेक गुण द्यायचा. बोटांची संख्या बरोबर असली तर त्याचाही एक गुण मिळे.